बीएस्सीला असताना पुण्यातल्या लॅबमध्ये शिरायचं कसं?

आधी प्रश्न थोडक्यात. विचारणारी एस.वाय. बीएस्सी केमिस्ट्रीची विद्यार्थिनी आहे. गाव मंचरच्या बाजूला, कॉलेज पुण्यात, राहणं वसतिगृहात. आतापर्यंतचे मार्क ६८ टक्के. उन्हाळ्यात संशोधनाचा अनुभव मिळावा म्हणून तिने विद्यापीठ, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) मिळून चाळीस प्राध्यापकांना ईमेल केले. दोघांनी ‘जागा नाही’ असं कळवलं, बाकीचे गप्प. ती विचारते, परदेशात म्हणे पहिल्या वर्षापासून मुलं केमिस्ट्री-बायोकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये काम करतात, मग आपल्याकडे का नाही? आणि एक खासगी संस्था बारा हजारांत दीड महिन्याचा प्रोजेक्ट आणि सर्टिफिकेट द्यायला तयार आहे, ते घेऊ का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते: घेऊ नकोस. कारण ओघात येईलच.

परदेशाचं म्हणशील, तर तिथल्या बहुतेक विद्यापीठांत बीएस्सीची मुलं आणि पीएचडीची मुलं एकाच इमारतीत असतात. सकाळी ज्या सरांचं लेक्चर, त्यांचीच लॅब वरच्या मजल्यावर. मुलांना त्या कामाचे क्रेडिट मिळतात. आपल्याकडे घडी वेगळी बसली. पुणे विद्यापीठ १९४९ चं. त्याच्या विभागांत एमएस्सी आणि पीएचडी, आणि बीएस्सी मात्र गावोगावच्या संलग्न कॉलेजांत. म्हणजे उपकरणं गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारात, आणि तू कॉलेजच्या कलरीमीटरपुढे (द्रावणाचा रंग मोजायच्या यंत्रापुढे) रांगेत. एनसीएल १९५० पासून पाषाण रस्त्यावर आहे, पण ती प्रयोगशाळा, तिथे बीएस्सीचा वर्गच नाही. ही फारकत मोडायची म्हणून तर २००६ साली एनसीएलच्या शेजारी आयसर उभं राहिलं. तिथल्या बीएस-एमएसच्या मुलांना पाचवं वर्ष जवळजवळ पूर्ण प्रोजेक्टला मिळतं. विद्यापीठाच्या आवारातल्या जैवमाहितीशास्त्र आणि जैवतंत्रज्ञान संस्थेनेही २००२ पासून बारावीनंतरच्या मुलांसाठी पाच वर्षांचा एमएस्सी अभ्यासक्रम चालवला. तू या दोन्हीच्या बाहेर आहेस, म्हणून तुला दार ठोठवावं लागतंय. त्यात तुझा दोष काही नाही.

आता ते दार कोण उघडतं ते सांगते. मी पंचवीसेक वर्षं जैवरसायनाची लॅब चालवली आहे, तेव्हा आतली गोष्ट म्हणून ऐक. तू ईमेल करतेस गाईडला, पण खरा निर्णय असतो त्यांच्या पीएचडी स्कॉलरचा. उन्हाळ्यात मुलगी घ्यायची म्हटलं की मी लॅबमध्ये जाऊन एवढंच विचारायचे, “कोण बघेल तिच्याकडे?” कोणी मान वर केली नाही, तर विषय संपला. आता त्या स्कॉलरच्या जागी उभी राहून बघ. फेलोशिप पाच वर्षांची. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. त्यातलं चौथं वर्ष चालू आहे, एक पेपर अजून हातात नाही, घरचे लग्नाचं विचारतायत. नवी मुलगी पहिले तीन आठवडे जेवढं करते त्याहून जास्त बिघडवते. चौथ्या आठवड्यात जरा हात बसतो आणि आठव्यात ती जाते. त्याच्या हाती काय उरतं? अर्धवट भरलेली वही आणि संपलेली एन्झाइमची व्हायल.

त्यामुळे दोन महिन्यांच्या उन्हाळ्यापेक्षा ‘सहा महिने, आठवड्यातून दोन दुपारी आणि शनिवारी पूर्ण दिवस’ असं कोणी सांगितलं की माझे कान टवकारायचे. तू पुण्यातच राहतेस, हे तुझं भांडवल आहे. दिल्ली-कोलकात्याहून अर्ज करणाऱ्या मुलांना ते जमणार नाही. आणि मे महिन्यात तर सगळेच येतात. जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला की लॅब रिकामी होते. तेव्हा विचारावं.

स्कॉलरला मुलीत काय हवं असतं? मार्क नव्हे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: एक मोलरचा स्टॉक (आधीच करून ठेवलेलं तीव्र द्रावण) आहे, मला ५० मिलीमोलरचा १०० एमएल बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) हवाय, किती घेशील? उत्तर ५ एमएल. नव्वद टक्के मिळवलेली मुलंही इथे मोबाईल काढतात. पुढचा प्रश्न: मायक्रोपिपेट (अगदी थोडं द्रव मोजून घ्यायचं साधन) कधी धरलंय का? नसेल तर चालतं, पण ‘धरलंय’ म्हणून खोटं सांगितलेलं पहिल्याच दिवशी कळतं. त्याचं बटण पहिल्या स्टॉपऐवजी दुसऱ्या स्टॉपपर्यंत दाबून द्रव ओढणारी मुलगी लांबून ओळखू येते. आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी: काही सांडलं, फुटलं, चुकलं तर सांगते का?

याबद्दल माझंच सांगते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी एक एन्झाइम शुद्ध करत होते. मे महिना, पंखाही गरम हवा टाकणारा, खोलीत ३५ अंश असतील. ट्रिस नावाच्या रसायनाचा बफर केला, पीएच ७.५ ला लावला आणि बाटली शीतखोलीत ठेवली. कॉलम, म्हणजे एन्झाइम वेगळं करायची रेझिन भरलेली नळी, शीतखोलीतच चालायचा. एन्झाइम जिथे अडकायला हवं होतं तिथे अडकेना, जिथून निघायला हवं होतं तिथून निघेना. तीन आठवडे गेले. मी रेझिनला दोष दिला, मिठाला दिला, एकदा तर डिस्टिल्ड वॉटरलाही दिला. शेवटी माझ्या गाईडांनी वही चाळत एवढंच विचारलं, “पीएच कुठे मोजलास?” ट्रिसचा पीएच तापमान एक अंशाने उतरलं की साधारण ०.०२८ ने चढतो. ३५ वरून ४ अंशांवर नेलं की ७.५ चा बफर ८.३ च्या पुढे जातो. हे पुस्तकात होतं आणि मी वाचलेलंही होतं. पण त्यांना चूक शोधता आली, कारण मी वहीत ‘पीएच ७.५, खोलीत मोजला, दुपारी ३’ असं लिहून ठेवलं होतं. नुसतं ‘ट्रिस ७.५’ लिहिलं असतं तर अजून महिना गेला असता.

कॉलेजात तुम्ही जी जर्नल लिहिता ती ही वही नव्हे. जर्नलमध्ये ‘एम (उद्देश), अपॅरेटस, प्रोसिजर’ आणि शेवटी अपेक्षित उत्तर. अनेकदा आधी उत्तर, मग त्याला शोभतील अशी रीडिंग. सबमिशनच्या आदल्या रात्री काय चालतं ते सगळ्यांना माहीत आहे, एक्स्टर्नललाही. ती सवय आधी सोडावी लागेल. लॅबच्या वहीत खाडाखोड चालते, पान फाडलेलं चालत नाही.

आता दारावर थाप मारण्याआधी हातात काहीतरी असावं. ते तुझ्या कॉलेजच्याच लॅबमध्ये करता येईल. एक उदाहरण सविस्तर देते, कारण यात किती खोल जाता येतं ते बघण्यासारखं आहे.

मटकीला मोड येताना तिच्यातलं अमायलेज (स्टार्च तोडून साखर करणारं एन्झाइम) किती वाढतं, एवढा साधा प्रश्न घे. मटकी आठ तास भिजव, फडक्यात बांध आणि ०, १२, २४, ३६ आणि ४८ तासांचे नमुने घे. प्रत्येकी एक ग्रॅम, थंड फॉस्फेट बफरमध्ये खलून, गाळून अर्क काढ. एक टक्का स्टार्चबरोबर दहा मिनिटं ३७ अंशांना ठेव, मग डीएनएसए (साखर असेल तर रंग देणारं द्रावण) घालून पाच मिनिटं उकळत्या पाण्यात, गार कर आणि ५४० नॅनोमीटरला रीडिंग घे. डोळ्यांना गॉगल हवाच. डीएनएसएत कॉस्टिक असतं. सगळं सामान तुमच्या लॅबमध्ये आहे. रीडिंग छान चढत जाईल, आलेख सुंदर येईल आणि तो चुकीचा असेल.

का? डीएनएसए साखर मोजतं, एन्झाइम नाही. मोड येताना मटकीत साखर आपोआपच तयार झालेली असते, ती अर्कातून तशीच तुझ्या ट्यूबमध्ये येते. म्हणून प्रत्येक तासाच्या अर्काची वेगळी शून्य-वेळेची ट्यूब हवी, जिच्यात डीएनएसए आधी आणि अर्क नंतर. ते रीडिंग वजा कर. आलेख खाली बसेल. मग दुसरा खड्डा. मोड आलेली मटकी पाणी पिऊन फुगलेली असते, म्हणजे तिच्या एका ग्रॅममध्ये मूळ मटकी कमी. कोरड्या वजनावर काढ, नाहीतर प्रथिन मोजून दर मिलिग्रॅम प्रथिनामागे काढ. आलेख पुन्हा बदलेल. तिसरा खड्डा मुलांना सगळ्यांत उशिरा कळतो. एकाच अर्काच्या तीन टेस्टट्यूब म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, ती एकाच प्रयोगाची तीन मोजमापं. वेगवेगळ्या दिवशी, वेगळी मटकी भिजवून तीनदा कर, मग आलेखावर चूकरेषा (एरर बार) काढ.

एवढं करायला तुला दोन-अडीच महिने लागतील. कॉलेजच्या मॅडमना दुपारी लॅब उघडी ठेवायला सांग, आणि लॅब असिस्टंट काकांशी नीट वाग. पाण्याची टाकी कधी भरते, कुठलं कलरीमीटर खरं रीडिंग देतं, हे त्यांनाच माहीत असतं. नवं काही सापडेल असं नाही, कदाचित हे काम पन्नास जणांनी आधी केलेलं असेल. पण ‘अर्कातली साखर वजा केल्यावर माझा चोवीस तासांचा फरक नाहीसा झाला’ हे वाक्य ज्या मुलीला लिहिता येतं, तिला मी लगेच बोलावलं असतं.

डाळी-कडधान्यांवरचं काम म्हणजे कमी प्रतीचं, असंही समजू नकोस. जैवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी, म्हणजे दुर्गा भागवतांची बहीण, १९३३ साली मुंबईहून पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला. त्या हटून बसल्या आणि शेवटी अटींवर आत शिरल्या. तिथे त्यांनी दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवरच काम केलं. १९३९ साली केंब्रिजची पीएचडी मिळाली ती वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या श्वसनाशी संबंधित प्रथिनावर. पुढे मुंबईत परत येऊन विद्यार्थ्यांना हाताशी धरून नीरेवर काम केलं. रामन यांच्यापुढे पाय रोवून उभं राहायची वेळ तुझ्यावर येणार नाही. तुला फक्त चाळीसऐवजी चार ईमेल नीट लिहायचे आहेत.

तुझा ईमेल तू चिकटवला आहेस तो वाचला. ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय अ‍ॅम व्हेरी पॅशनेट अबाउट रिसर्च.’ सर की मॅडम हेही ठरवलेलं नाही, म्हणजे हा सगळ्यांना गेला आहे हे पहिल्या ओळीतच कळतं. माणूस एक निवड. त्यांचा एक अलीकडचा पेपर घे. सगळा कळणार नाही, एक आकृती कळेपर्यंत वाच. मग दहा ओळी लिही: मी कोण, तुमच्या पेपरातल्या अमुक आकृतीत मला हे कळलं आणि हे कळलं नाही, मी कॉलेजात मटकीच्या अमायलेजवर हे केलं, आलेख जोडला आहे, मला जुलैपासून डिसेंबरपर्यंत या दिवशी या वेळी येता येईल. मार्कशीट जोड, ६८ लपवू नकोस. दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर. त्यानंतर नाही. आणि पेपरवर पहिलं नाव ज्याचं आहे तो बहुधा स्कॉलर असतो. तो अजून तिथेच असेल तर त्यालाही वेगळा, त्याच्या कामाबद्दलचा ईमेल कर. मघाशी सांगितलं ना, मान त्याने वर करायची असते.

कुणाला लिहायचं यासाठी थोडं भान हवं. तुझा कल बायोकेमिस्ट्रीकडे दिसतो, मग फक्त विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आणि एनसीएल एवढंच कशाला? विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे, १९४६ ची, मूळची महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी. (रस्ता समाजसुधारक आगरकरांचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकरांची, ईमेलात ‘आगरकर इन्स्टिट्यूट’ लिहिणाऱ्यांनी स्वतःचं किती नुकसान केलंय, विचारू नकोस.) एनसीएलमध्ये नुसती कार्बनी रसायनाची मंडळी नाहीत, जैवरासायनिक विज्ञानाचा मोठा विभाग आहे, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थेचं मात्र डोक्यातून काढ. तिथलं काम जैवसुरक्षेच्या नियमांत बांधलेलं असतं, नवख्या हातांना तिथे मोकळीक मिळत नाही.

सिंथेसिसच्या, म्हणजे रेणू बनवायच्या, लॅबमध्ये जायचं असेल तर एक इशारा. दोन महिन्यांत टीएलसी (पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करणं) बघायला, कॉलम भरायला आणि रोटा नावाच्या यंत्रावर द्रावक उडवायला शिकशील, रेणू हातात येईलच असं नाही. तरी ते शिकणं वाया जात नाही. आणि लॅबचा वास, धूर, रात्रीचं थांबणं घरी चालणार नसेल तर संगणकीय रसायन आहे. पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात श्रीधर गद्रे यांनी रेणूंच्या विद्युत विभवाच्या अभ्यासावर जे काम उभं केलं, त्याला १९९३ साली भटनागर पुरस्कार मिळाला. या शहरात त्या विषयाची परंपरा आहे. लिनक्स आणि थोडं पायथन घरी शिकता येतं, आणि स्कॉलरची व्हायल सांडण्याचा प्रश्न येत नाही.

योजनांचं भराभर सांगते. विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप दोन महिन्यांची असते, विद्यावेतन मिळतं. अर्ज उन्हाळ्यात नाही, आदल्या वर्षी दिवाळीच्या आगेमागे करायचे असतात, आणि तिथे मुलांची गाडी चुकते. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘नियस’ उपक्रम बीएस्सीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे, केमिस्ट्रीचाही. ‘आविष्कार’ ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा २००६ पासून चालते. तुझ्या मटकीचं पोस्टर तिथे जरूर ने, बक्षिसासाठी नाही, परीक्षक जो आडवा प्रश्न विचारतात त्यासाठी. तुझ्या वर्गात कुणाला केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती असेल तर त्यांना सांग की वर्षाच्या ८०,००० मधले २०,००० उन्हाळी प्रोजेक्टसाठी असतात आणि ते प्रोजेक्ट केल्याशिवाय मिळत नाहीत.

आणि हे तुझ्यासाठी: नव्या शैक्षणिक धोरणात चौथं वर्ष ‘संशोधनासह ऑनर्स’ करायचं असेल तर पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के लागतात. त्या वर्षात १२ क्रेडिट नुसत्या संशोधन प्रकल्पाचे असतात. ६८ वरून ७५ ला पोचायला तुला उरलेल्या सेमिस्टरांत ऐंशीच्या पुढे राहावं लागेल. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचं एमएस्सी हा जुना रस्ता उघडाच आहे, तिथेही प्रोजेक्ट आहेच. लॅबच्या नादात अभ्यासाकडे दुर्लक्ष करून ७२ वर अडकलेली मुलंही मी पाहिली आहेत, म्हणून आठवड्याला दोन दुपारी म्हटलं, पाच नाही.

आता ते बारा हजार. असे प्रोजेक्ट विकणाऱ्यांकडे पूर्वी शिकलेली मुलं माझ्याकडे एमएस्सीला यायची. वीस जणांना एकच प्रोजेक्ट, फक्त झाडाचं नाव वेगळं. एकाला तुळस, दुसऱ्याला कडुनिंब, तिसऱ्याला अडुळसा, आणि सगळ्यांची सूक्ष्मजीवरोधक वर्तुळं (अर्काभोवती जिथे जंतू वाढत नाहीत ती) जवळजवळ सारखी. चूक करायला वेळच दिलेला नसतो. वर ‘पेपरही छापून देतो’ म्हणतात. अशा नियतकालिकांचा २०१८ साली आपल्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘करंट सायन्स’मध्ये पंचनामा केला होता. विद्यापीठांच्या शिफारशींवरून यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीत शिरलेल्या नियतकालिकांचा नमुना तपासला, तर ८८ टक्के कमी दर्जाची असू शकतात असं निघालं. तिथे छापलेलं नाव पुढे मुलाखतीत लपवावं लागतं. सरकारी संस्थाही काही वेळा प्रशिक्षणाचं रीतसर शुल्क घेतात, ती गोष्ट वेगळी. ते संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर लिहिलेलं असतं आणि पावती मिळते. बारा हजार खर्चच करायचे असतील तर एक चांगला गॉगल, एक एप्रन आणि वर्षभराचा बसपास घे, उरलेले घरी परत पाठव.

कुठून होकार आला तर कॉलेजचं बोनाफाइड आणि प्राचार्यांच्या सहीचं ना हरकत पत्र लागेल. ते निघायला आठवडा जातो, म्हणून ईमेल पाठवतानाच ऑफिसात अर्ज टाकून ठेव. ओढणी नको, केस बांधून, पायात पूर्ण बंद बूट. पहिल्या दिवशी तुला बहुतेक काचेची भांडी धुवायला देतील. ती नीट धू, शेवटचं पाणी डिस्टिल्ड घे. तुझ्या नकळत स्कॉलर ती उजेडात धरून बघणार आहे.